बेक्वे बेटावर जायचं असेल तर: मासेमारीवाल्या घरांसाठी सगळी माहिती एका ठिकाणी

आपल्या सभासदांच्या घरांतली बरीच मुलं जहाजावर आहेत. त्यातली काही कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर काम करतात आणि फोनवर नवनवीन बेटांची नावं सांगतात. घरी बसलेल्या आईवडिलांना प्रश्न पडतो: हे बेट आहे तरी कुठं? तिथं जाता येतं का? खर्च किती? आणि हल्ली एक नवा प्रश्न कानावर यायला लागलाय: "तिकडे व्हिसा लागत नाही, एजंट म्हणतो बोटीवर काम मिळेल. पाठवू का पोराला?"

म्हणून आज एकाच बेटाची नीट माहिती देतोय. नाव बेक्वे. इंग्रजी स्पेलिंग बघून लोक 'बेक्विया' म्हणतात, पण तिथली माणसं 'बेक्वे' म्हणतात. हेच बेट निवडायचं कारण म्हणजे ते आपल्यासारख्यांचं बेट आहे. होड्या बांधणारे, जाळी ओढणारे, जहाजावर नोकरीला जाणारे लोक तिथं पिढ्यान् पिढ्या राहतात.

⚓ बेट कुठं आहे, केवढं आहे

सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स नावाचा एक छोटा देश आहे. सेंट व्हिन्सेंट हे त्यातलं मोठं बेट, राजधानी किंग्सटाउन. तिथून दक्षिणेला सुमारे ९ मैलांवर बेक्वे. क्षेत्रफळ १८ चौरस किलोमीटरच्या आसपास, लोकवस्ती पाच हजारांच्या घरात. म्हणजे आपल्याकडची दोन-तीन गावं एकत्र केली तर जेवढं होईल तेवढंच.

मुख्य गाव पोर्ट एलिझाबेथ. ते अ‍ॅडमिरल्टी बे या खाडीत, बेटाच्या पश्चिम बाजूला आहे. तिथं वर्षभर पूर्व आणि ईशान्येकडून वारा वाहतो, त्यामुळे पश्चिमेची बाजू वाऱ्याच्या आड येते आणि पाणी शांत राहतं. बंदर तिथंच का झालं, हे आपल्या कुठल्याही तांडेलाला वेगळं सांगायला नको.

वेळेचा हिशोब: ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की तिथं सकाळचे नऊ. मुलाला फोन करायचा तर संध्याकाळी करा. सकाळी केलात तर तो झोपलेला असेल.

🛂 व्हिसा: इथं नीट वाचा

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून थोड्या दिवसांसाठी जायचं असेल तर सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्सचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. पण नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर खात्री करा. ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांचे नियम वेगळे, त्यांनी वेगळी चौकशी करावी.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: व्हिसा लागत नाही म्हणजे काम करता येतं, असं अजिबात नाही. कामासाठी त्या सरकारचा परवाना लागतो आणि तो जाण्याआधी मिळालेला असावा लागतो. "आधी पर्यटक म्हणून जा, मग तिकडे बोटीवर लावून देतो" असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. पाच हजार वस्तीच्या बेटावर मासेमारी तिथलेच लोक करतात. बाहेरून खलाशी बोलवायला आपल्याकडच्यासारखे ट्रॉलरचे ताफे तिथं नाहीत. पोरगं तिकडे अडकलं तर परत आणायचा खर्च आपल्यालाच पडतो.

दुसरी: विमानतळावर परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे आहेत का, हे विचारतात. तिन्हीचे कागद हातात ठेवा. मोबाईलची बॅटरी संपली तर दाखवणार काय?

तिसरी: बेटाचा व्हिसा नसला तरी वाटेतल्या देशाचा लागू शकतो. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर विमान बदलायलासुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो, तिथं नुसतं विमानतळात थांबून पुढे जायची सोय नाही. लंडन किंवा टोरोंटोमार्गे गेलात तर ट्रान्झिट व्हिसाची चौकशी आधी करा. याच ठिकाणी बहुतेकांचं तिकीट वाया जातं.

पिवळ्या तापाच्या लशीचंही बघून घ्या. परतताना वाटेत त्रिनिदाद, गयाना किंवा ब्राझीलमध्ये उतरून राहिलात, तर भारतात शिरताना लशीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर काही दिवस वेगळं ठेवू शकतात.

✈️⛴️ पोहोचायचं कसं

बहुतेक लोक लंडन किंवा बार्बाडोसमार्गे सेंट व्हिन्सेंटच्या अर्गाइल विमानतळावर उतरतात. हा विमानतळ फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी मोठी विमानं तिथं उतरतच नव्हती. अर्गाइलहून किंग्सटाउनच्या धक्क्यावर रस्त्याने जायचं आणि तिथून फेरीबोट पकडायची. फेरी साधारण एका तासात बेक्वेला पोहोचते.

फेऱ्या पहाटेपासून संध्याकाळपर्यंत असतात, रविवारी आणि सुटीच्या दिवशी कमी. विमान संध्याकाळी उतरत असेल तर शेवटची फेरी चुकली असं समजा आणि एक रात्र किंग्सटाउनमध्ये काढा. दोन बेटांमधल्या खाडीत वारा आणि प्रवाह एकमेकांवर आले की लाटा उभ्या राहतात. आपल्या माणसांना त्याचं काही नाही, पण सोबत म्हातारी माणसं असतील तर त्यांना बोटीच्या मागच्या बाजूला, मध्यभागी बसवा.

किंग्सटाउनमधल्या मासळी बाजाराजवळच्या भागाला लोक 'लिटल टोकियो' म्हणतात, कारण तो बाजार जपानच्या मदतीने बांधलाय. व्हॅन तिथूनच सुटतात. फेरीला वेळ असेल तर बाजारात एक चक्कर मारा.

बेक्वेवरही एक छोटा विमानतळ आहे, १९९२ साली सुरू झालेला. तो पॅजेट फार्म या कोळ्यांच्या वस्तीजवळ, समुद्रात भर घालून केलेल्या पट्टीवर आहे. तिथं लहान विमानंच उतरतात.

क्रूझवर काम करणाऱ्या मुलांसाठी: छोटी जहाजं अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये नांगर टाकतात आणि माणसं लहान बोटीने किनाऱ्यावर येतात. हातात चार-पाच तासच मिळतात. क्रू कार्ड खिशात ठेवा आणि परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे बघा, बेटाच्या नाही. दोन्ही घड्याळांत कधी कधी तासाचा फरक असतो.

💵 पैसा

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून दर बांधलेला आहे: एक अमेरिकन डॉलर म्हणजे २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर. अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतात, रुपया कुठंच चालत नाही.

फसगत होते ती इथं. टॅक्सीवाला म्हणतो "चाळीस डॉलर". कुठले चाळीस? तिथले चाळीस म्हणजे पंधरा अमेरिकन डॉलरही होत नाहीत. चुकून अमेरिकन चाळीस दिलेत तर जवळजवळ तिप्पट गेले. प्रत्येक वेळी आधी विचारा: "ईसी की यूएस?" त्याला यात वाईट वाटत नाही, तिथं सगळेच विचारतात.

बँक आणि एटीएम पोर्ट एलिझाबेथमध्ये आहेत, पण बेट लहान, त्यामुळे थोडी रोकड जवळ असू द्या. धान्य, दूध, डिझेल, सिमेंट असं बरंचसं सामान बोटीने बाहेरून येतं. त्यामुळे महागाई आहे. स्वस्तात राहायचं असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि मासळी थेट किनाऱ्यावरून विकत घ्या.

💧 पाणी आणि वीज

बेटावर नदी नाही. घराच्या छपरावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हाळीतून खालच्या टाकीत साठवायचं आणि तेच वर्षभर वापरायचं, ही तिथली पद्धत. जानेवारी ते मे कोरडा काळ, आणि पर्यटकही नेमके तेव्हाच जास्त येतात. म्हणून नळ उघडा ठेवून दात घासू नका. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली आपण पाहिली आहे, त्यांचं दुखणं आपल्याला कळतं. प्यायला बाटलीचं किंवा उकळलेलं पाणी घ्या.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, त्यामुळे आपला चार्जर चालतो. प्लग मात्र इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा असतो, अडॅप्टर इथूनच न्या.

🌊 समुद्र आपल्यापेक्षा वेगळा कसा

पहिला मोठा फरक भरती-सुकतीचा. आपल्याकडे गोव्यात उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होतं, मुंबईकडे तर चार मीटरच्याही वर. बेक्वेला हा फरक अर्ध्या मीटरच्या आसपासच. म्हणून तिथं घरं आणि चालायची वाट अगदी पाण्याला लागून दिसतात. बेलमाँटची पायवाट तर लाटांच्या काठावरूनच जाते. तिथं होडी कधी काढायची हे भरतीवर ठरत नाही, वाऱ्यावर ठरतं.

दुसरा फरक पावसाळ्याचा. आपल्याकडे चार महिने नैऋत्येचा वारा समुद्र बंद करून टाकतो. तिकडे व्यापारी वारे बारा महिने एकाच बाजूने येतात, डिसेंबर ते फेब्रुवारीत जोर धरतात. नाताळच्या सुमारास येणाऱ्या जोराच्या वाऱ्याला तिथं 'ख्रिसमस विंड्स'च म्हणतात. त्यामुळे पोहायला पश्चिमेकडचे प्रिन्सेस मार्गारेट बीच आणि लोअर बे बरे. पूर्वेकडच्या होप बेसारख्या किनाऱ्यांवर लाटा आणि ओढ जास्त असते. तिथं एकट्याने उतरू नका, पोहणारा कितीही पट्टीचा असला तरी.

तिसरी गोष्ट वादळांची. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडे चक्रीवादळांचा काळ. १ जुलै २०२४ ला 'बेरिल' वादळ याच बेटांच्या दक्षिणेकडून गेलं. ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर ते ताशी सुमारे २४० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी धडकलं. बेक्वेच्याच देशातल्या युनियन आयलंडवर ९० टक्के घरं मोडली किंवा उद्ध्वस्त झाली, असं तिथल्या पंतप्रधानांनी तेव्हा सांगितलं होतं. कोळ्यांच्या होड्या गेल्या, जाळी गेली. बेक्वे त्या मानाने वाचलं. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून नुसतं पुढं गेलं, तेव्हा काय झालं होतं ते आठवा, म्हणजे थेट मारा बसला तर काय होतं याचा अंदाज येईल.

म्हणून जायचं असेल तर डिसेंबर ते मे या काळात जा. आपली मासेमारी बंदी जून-जुलैत असते आणि आपल्याला सवड तेव्हाच मिळते, हे खरं. पण तोच तिकडे वादळांचा काळ. जायचंच ठरवलं तर विमा काढल्याशिवाय जाऊ नका.

🐟 मासळी आणि जेवण

ट्यूना, डोराडो, आपल्या इसवणाच्या जातीचा किंगफिश, लहान जॅक मासे, शेवंड आणि 'लांबी' म्हणजे मोठा शंख, ही तिथली मुख्य मासळी. जॅकचा थवा किनाऱ्याजवळ आला की होडीतून जाळं टाकून वेढा घालतात आणि माणसं किनाऱ्यावरून ओढतात. आपली रापणच म्हणा ना!

देशाचं राष्ट्रीय जेवण म्हणजे भाजलेला नीरफणस आणि तळलेला जॅक मासा. हा नीरफणस तिकडचा नव्हे. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून रोपं आणून किंग्सटाउनच्या बागेत लावली. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालायचं, हा हेतू होता. आपण नीरफणसाच्या कापा तव्यावर तळतो, ते तो अख्खाच निखाऱ्यावर भाजतात.

रोटी नावाचा पदार्थही मिळेल, पोळीत बटाट्याची किंवा मटणाची रस्साभाजी गुंडाळलेली. तो आपल्याच लोकांनी तिकडे नेला. १ जून १८६१ रोजी 'त्रावणकोर' नावाचं जहाज मद्रासहून मजूर घेऊन सेंट व्हिन्सेंटला लागलं. पुढच्या वीसेक वर्षांत सुमारे अडीच हजार भारतीय तिथं गेले. करारावर गेले, बरेच परतले नाहीत. १ जून हा दिवस तिथं भारतीय आगमन दिन म्हणून पाळतात.

मासेमारीचे नियम पाहुण्यांनाही लागू आहेत:
• शेवंड १ मे ते ३१ ऑगस्ट बंद. त्या काळात कोणी ताजी शेवंड वाढली तर खाऊ नका, विकत तर नकोच.
• परदेशी पाहुण्याला भाल्याने किंवा स्पिअरगनने मासे मारायला बंदी आहे.
• खडकांवरचा मोठा बरॅकुडा टाळा. प्रवाळातलं एक विष त्याच्या अंगात साठतं, शिजवूनही जात नाही. स्थानिक माणूस "हा खाऊ नको" म्हणाला तर ऐका.

🐋 व्हेलची गोष्ट, आणि एक इशारा

बेक्वेवर आजही व्हेलची शिकार होते, कायदेशीरपणे. १८७० च्या दशकात विल्यम वॉलेस या बेटावरच्या माणसाने अमेरिकन व्हेलिंग जहाजांवर काम करून ही विद्या इथं आणली. शिडाची लहान होडी, दोन्ही टोकं निमुळती, आणि हाताने फेकायचा भाला. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने पारंपरिक शिकार म्हणून वर्षाला सरासरी चार हम्पबॅक व्हेलपर्यंत परवानगी दिलेली आहे. हंगाम फेब्रुवारी ते मे. कित्येक वर्षं एकही मिळत नाही. बेटावरही यावर दोन मतं आहेत: कोणी म्हणतं ही बापजाद्यांची ओळख आहे, कोणी म्हणतं व्हेल जिवंत दाखवून जास्त कमाई होईल. पाहुण्याने त्यात उपदेश करू नये. त्याच होड्यांच्या वंशातल्या 'डबल-एंडर' होड्या ईस्टरच्या शर्यतीत धावतात, ती शर्यत जरूर बघा.

आता इशारा. बेटावर व्हेलच्या हाडाच्या वस्तू किंवा दागिने कोणी विकायला आणले, तर एकही घेऊ नका. तिथं चालत असेल, पण देशाबाहेर नेणं आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि भारतात व्हेल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 'व्हेलच्या उलटी'पायी आपल्या किनारपट्टीवर किती जण पकडले गेले, हे आपण बातम्यांत वाचतोच. लांबीचा शंख, प्रवाळ, कासवाची पाठ यांचंही तेच. आठवण म्हणून आणायचंच तर लाकडी होडी आणा. बेक्वेचे कारागीर गमवुड लाकडातून आणि नारळाच्या करवंटीतून होड्यांच्या प्रतिकृती कोरतात, त्यांची दुकानं बंदराजवळच आहेत.

कासवांचं म्हणाल तर बेटाच्या ईशान्येला ओल्ड हेग कासव संगोपन केंद्र आहे. ऑर्टन किंग या पाणबुड्या मच्छीमाराने १९९५ मध्ये ते सुरू केलं. आधी पाण्यात बुडी मारून मासे पकडणारा माणूस नंतर पिल्लं वाढवून समुद्रात सोडू लागला. मोरजी आणि गालजीबागची कासवं सांभाळणारी आपली माणसं हे केंद्र बघून खूश होतील.

🙏 वागायचं कसं

• दुकानात शिरल्यावर आधी "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणा, मग भाव विचारा. न बोलता वस्तू उचलली तर उद्धट समजतात. रात्री भेटल्यावरही "गुड नाइट" म्हणतात, तो निरोप नसतो.
• लष्करी ठिपक्यांचे कपडे या देशात बेकायदेशीर आहेत. पोरांच्या तसल्या पँट, टोप्या, पिशव्या घरीच ठेवा.
• पोहायच्या कपड्यांत गावात फिरू नका.
• किनाऱ्यावर हिरव्या लहान सफरचंदासारखं फळ असलेलं मँचिनील झाड असतं. फळ विषारी, चीक अंगावर पडला तर फोड येतात. पावसात त्याच्या खाली उभं राहू नका, फांदी जाळूही नका. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो.
• आजारपण: बेटावर छोटं रुग्णालय आहे. मोठं काही झालं तर बोटीने किंग्सटाउनला न्यावं लागतं. रोजची औषधं दोन आठवड्यांची जास्त न्या, चिठ्ठीसकट. डासांसाठी मलम न्या, डेंग्यू तिथंही आहे.
• बेक्वेवर भारताचा दूतावास नाही. या देशाचं काम कुठलं भारतीय कार्यालय बघतं, ते निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघून नंबर घरच्यांनाही लिहून द्या.

🚤 आपल्याला यातून काय घेता येईल

बेक्वेच्या बंदरात हंगामात शिडाच्या बोटी गर्दी करतात. त्यांना किनाऱ्यावर नेणं-आणणं रंगीत वॉटर टॅक्सीवाले करतात, आणि त्या चालवणारे स्थानिक होडीवालेच. कोणी बोटीपर्यंत मासळी आणि बर्फ पोहोचवतो, कोणी पाव. पर्यटन आलं म्हणून पॅजेट फार्मची मासेमारी थांबलेली नाही. होडी तीच, आणखी एक काम वाढलं.

आपल्याकडे उलट होताना दिसतं. पर्यटन आलं की होडी ठेवायची जागाच जाते, आणि होडीवाला दुसऱ्याच्या बोटीवर पगारी होतो. बेक्वेचं सगळंच छान आहे असं आम्ही म्हणत नाही, पाण्याची आणि महागाईची ओढाताण तिथंही आहेच. पण पाहुण्याला किनाऱ्यावर आणणारी होडी कोळ्याच्याच मालकीची असावी, एवढं तरी आपण त्यांच्याकडून घ्यावं. पुढच्या सर्वसाधारण सभेत यावर बोलू.

तोपर्यंत: कोणाच्या घरात पोराला "व्हिसाशिवाय" परदेशी पाठवायचं चाललं असेल, तर पैसे देण्याआधी कागद घेऊन संस्थेच्या कार्यालयात या. आपण बसून वाचू. वाचायला पैसे लागत नाहीत.

ही माहिती जहाजावरच्या मुलांना पाठवा. बेक्वेला जाऊन आलेलं कोणी असेल तर खाली लिहा, आमचं काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करू.